फोटो काढायचा? आधी ग्रामसभेला विचारा!



मागच्या उन्हाळ्यात, ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात, आमच्या एका गावात पांढरी गाडी आली. चार जण उतरले. एक बाई, एक कॅमेरावाला, एक छत्री धरणारा आणि एक वहीवाला. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकट्या एका संस्थेची नाही. तुमच्याही गावात अशी गाडी येऊन गेली असेल.

गावची बोरिंग चालू होती. तरी बायांच्या डोक्यावर गुंड देऊन त्यांना नाल्यावर नेलं. पायातल्या चपला काढायला लावल्या. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची मागे लपवली. एका घरी पोरगा तापानं निजला होता, त्याला उचलून उन्हात मायच्या मांडीवर बसवलं. पोरगा रडला तसा कॅमेरा जवळ गेला. संध्याकाळी बिस्किटाचे पुडे वाटले आणि गाडी निघून गेली.

चार महिन्यांनी पुण्याला कामावर गेलेल्या आमच्या एका पोराला मोबाईलवर तो व्हिडिओ दिसला. मागे बासरीसारखं रडकं संगीत, वर मोठी अक्षरं, की हे लेकरू उपाशी आहे, याच्यापर्यंत कोणी पोचलेलं नाही, तुम्ही पोचा. खाली पैसे भरायचं बटण. पोरगा सुट्टीत आला तेव्हा त्यानं तो मायला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "माह्या पोराले ताप होता. तो उपाशी नव्हता. हे कोनी सांगतलं याईले?"

त्या बाईचा प्रश्न आम्ही या पत्रकातून सगळ्या ग्रामसभांपुढे ठेवतो आहोत. आमच्या वतीनं जगाला कोण सांगतं? कोणाला विचारून सांगतं? आणि त्यातून जे येतं ते कोणाच्या घरी जातं?

हा धंदा कसा चालतो

शहरातल्या माणसाच्या हाती मोबाईल असतो. त्याचा अंगठा सतत वर सरकत असतो. तो अंगठा थांबवायचा, एवढंच काम त्या व्हिडिओला असतं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोळ्यांत पाणी दिसलं तर अंगठा थांबतो. सातबारा दाखवला, दाव्याची पावती दाखवली, तर अंगठा पुढे जातो. म्हणून कॅमेऱ्याला आपली पावती नको असते. त्याला आपलं लेकरू पाहिजे असतं, तेही एकटंच पाहिजे असतं.

एकटंच का, तेही समजून घ्या. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी केलेला एक प्रयोग २००७ साली छापून आला. लोकांच्या हाती पाच-पाच डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीचं चित्र दाखवलं. काहींना किती लाख लोक उपाशी आहेत त्याचे आकडे दाखवले. एकट्या मुलीसाठी लोकांनी सरासरी २ डॉलर ३८ सेंट दिले, आकड्यांसाठी १ डॉलर १४ सेंट. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले तर दान १ डॉलर ४३ सेंटवर आलं. म्हणजे मुलीच्या शेजारी कारण उभं केलं की दान आटतं.

संस्थावाल्यांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून ते चौकटीतून गाव काढून टाकतात, जंगल काढतात, नाका काढतात, बीटगार्ड काढतात. चौकटीत एक चेहरा उरतो. त्या फोटोत भूक दिसते, पण भूक कोणी लावली ते दिसत नाही. निस्ताराचं जंगल कोणी बंद केलं, जबरानजोतीच्या बांधीतलं उभं धान कोणी तुडवलं, दावा किती वर्षांपासून कोणत्या टेबलावर पडून आहे, हे सगळं चौकटीच्या बाहेर राहतं. आपली लढाई नेमकी त्या चौकटीबाहेरच्या गोष्टींशी आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितले, १ एप्रिल २०१४ पासून. तेव्हापासून हा कॅमेरा आणखी वाढला. खर्च केला तर त्याचा देखावाही पाहिजे. खाणवाला असो की कारखानेवाला, त्याच्या चित्रफितीत शिलाई मशीन दिसतं, वह्या दिसतात, हसणारी पोरं दिसतात. डोंगर दिसत नाही. सुरजागडच्या डोंगरावर आमच्या ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरावरून लोहखनिज निघतं. शिलाई मशीन आणि डोंगर, दोन्ही एका चौकटीत धरणारा कॅमेरावाला आम्हाला अजून भेटायचा आहे.

चेंदरूची गोष्ट

ही गोष्ट मोबाईलच्या आधीची आहे. आपल्या भामरागडच्या पलीकडे, अबुझमाडच्या अंगाला, नारायणपूरजवळ गढबेंगाल नावाचं गाव आहे. तिथला चेंदरू मंडावी हा मुरिया गोंड पोर. स्वीडन देशाचा आर्ने सुक्सडॉर्फ नावाचा दिग्दर्शक तिथे आला, राहिला आणि चेंदरूला घेऊन त्यानं सिनेमा काढला. १९५७ साली तो पडद्यावर आला, पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात गेला. वाघाशी खेळणारा जंगलातला पोरगा बघून गोऱ्या लोकांनी तोंडात बोटं घातली. चेंदरूला स्वीडनला नेलं, फिरवलं. त्याच्यावर पुस्तकही निघालं.

मग चेंदरू गावी परत आला. वाघ नव्हता, कॅमेरा नव्हता. पुढची सारी वर्षं त्यानं गढबेंगालमध्ये शेती-मजुरीत काढली. अधूनमधून कोणी पत्रकार येई, म्हातारा झालेल्या 'टायगर बॉय'चा नवा फोटो काढून जाई. २०१३ साली तो गरिबीतच वारला.

त्या दिग्दर्शकाचं मन वाईट होतं असं आम्ही म्हणत नाही. प्रेमही असेल. पण सिनेमा कोणाचा झाला? नाव कोणाचं झालं? जगभर बघितल्या गेलेल्या त्या पोराच्या हाती शेवटी काय उरलं? चित्र जगभर फिरलं आणि माणूस होता तिथेच राहिला.

आणि चित्रातला आदिवासी वागतोही चित्र काढणाऱ्याच्या मर्जीनं. २०१२ च्या जानेवारीत एका इंग्रजी वर्तमानपत्रानं अंदमानचा व्हिडिओ बाहेर काढला. खाण्याची लालूच दाखवून जारवा बायांना पर्यटकांपुढे नाचायला लावलं होतं. देशभर संताप झाला. पण साथींनो, मंत्री आला की आपल्या पोरी उन्हात दोन-दोन तास रेला नाचत उभ्या असतात, तेव्हा आपल्याला संताप येतो का? रेला आपल्या मांडवातला, आपल्या सणाचा नाच आहे. हार-तुऱ्याच्या कार्यक्रमात तो कोणी नेला? आपणच नेला.

वाघाचा फोटो

एकटं लेकरू जसं पैसा आणतं, तसा एकटा वाघही आणतो. ताडोबाचा वाघ आज जगभर दिसतो. ताडोबा हे नाव आमच्या तारू देवाचं आहे. वाघाशी झुंजताना मेलेल्या गावप्रमुखाला लोकांनी देव मानलं, अशी ती कथा. वाघाच्या फोटोत तारू दिसत नाही. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही उठलेली गावंही दिसत नाहीत. फोटो बघणाऱ्याला वाटतं, हे रान कायमचंच बिनमाणसाचं होतं.

या वाटण्याचा परिणाम कुठवर जातो ते आपण २०१९ साली पाहिलं. काही वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा १३ फेब्रुवारीचा आदेश आला, की ज्यांचे वनहक्क दावे नामंजूर झाले त्यांना जंगलातून काढा. देशभरातल्या लाखो कुटुंबांवर तलवार आली. आपण रस्त्यावर उतरलो, देशभरचे आदिवासी उतरले आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत आपल्या आयाबाया रात्री झोपल्या नव्हत्या. शहरातला भला माणूस मात्र वाघाच्या पिल्लाचा फोटो बघून शंभर रुपये भरत होता आणि आपण पुण्य केलं असं समजत होता. त्याला दोष काय द्यायचा? त्याला चौकटीबाहेरचं कोणी दाखवलंच नाही.

"मग तुमचं कोण ऐकणार?"

आमच्या या बोलण्यावर संस्थावाले मित्र एक उत्तर देतात. "व्हिडिओशिवाय पैसा येत नाही. तुमचे कागद कोण वाचतो?" हा प्रश्न खोटा नाही, म्हणून त्याचं सरळ उत्तर देतो.

पैसा येत असेल. पण पैशानं हक्क आला असं आमच्या जिल्ह्यात एक तरी उदाहरण दाखवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ साली १,८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, देशात सर्वांत आधी. तो रडक्या व्हिडिओनं मिळाला नाही. लोक वर्षानुवर्षं अभ्यास गटात बसले, सर्वसहमतीनं निर्णय घेतले, जंगल स्वतः राखलं. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतुकीचा पास मिळेना, तेव्हा पुन्हा लढले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवशी कॅमेरे खूप होते, पण ते शेवटी आले. आधी तिथे सतरंजीवर बसलेली ग्रामसभा होती.

गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव घ्या. २०१२ साली त्यांना हजारेक हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू ते विकतात. पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं गावानं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात. हाती येणारा पैसा गावानं सोडला. आता याचा व्हिडिओ कसा काढाल? न तोडलेल्या पानाचा फोटो काढून कोणाचा अंगठा थांबणार? आमच्या सगळ्यांत मोठ्या गोष्टी फोटोत येत नाहीत. म्हणूनच फोटो पाहून आम्हाला ओळखणारा माणूस आम्हाला ओळखतच नाही.

आणखी एक. १९९३ साली मेळघाटात कोरकूंची लेकरं कुपोषणानं मेली. कॅमेरे आले, पुढाऱ्यांचे दौरे झाले, फासळ्यांचे फोटो छापून आले. फोटो जुने झाले आणि लेकरं पुढेही मरत राहिली. त्याच काळात आपल्या गडचिरोलीत शोधग्रामच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दुसरी वाट धरली. ३९ गावांतल्या बायांना शिकवलं. त्या बाया घरोघर जाऊन नवजात लेकराचं वजन करू लागल्या, न्यूमोनिया ओळखून औषध देऊ लागल्या, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण वहीत लिहू लागल्या. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्के घटले. १९९९ साली ते इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं आणि पुढे सरकारनं हीच रीत आशा ताईंच्या कामात घेतली. कमी शिकलेल्या बाईच्या हातातल्या वहीनं दिल्लीला हलवलं. ती वहीही कागदच होती. तो कोणी वाचला की नाही?

फोटो वाईट नाही

आम्ही कॅमेऱ्याचे शत्रू नाही. शंभर-सव्वाशे वर्षांमागे आफ्रिकेतला काँगो देश बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानं खाजगी मालमत्ता करून ठेवला होता. रानातून रबर आणलं नाही की हात तोडत. १९०४ साली अॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईनं एका बापाचा फोटो काढला. आपल्या पाच वर्षांच्या लेकीचा तोडलेला हात आणि पाऊल समोर ठेवून तो बसला आहे. असे फोटो दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवत ती मंडळी गावोगाव फिरली. १९०८ साली राजाच्या हातून काँगो निघाला.

तो फोटो आणि आमच्या गावात काढलेला व्हिडिओ यांत फरक काय? तो बाप स्वतः लेकीचे तुकडे पानात गुंडाळून दाखवायला घेऊन आला होता. आणि त्या फोटोबरोबर गुन्हेगाराचं नाव जात होतं. आमच्या व्हिडिओत गुन्हेगारच नाही. जणू गरिबी पावसासारखी आभाळातून पडली. पण हेही विसरू नका, की राजा गेला तरी काँगो बेल्जियमच्या सरकारकडेच गेला. लोकांच्या हाती देश यायला १९६० साल उजाडलं. फोटोनं राजा हलतो. राज्य लोकांना आपल्या बळावरच घ्यावं लागतं.

युरोपातल्या संस्थांनाही आपल्या फोटोंची लाज वाटली होती. गरीब देशांची चित्रं कशी दाखवावी याची आचारसंहिता त्यांनी १९८९ सालीच लिहिली. २०१२ साली नॉर्वेच्या विद्यार्थ्यांनी तर गंमतच केली. थंडीनं कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेसाठी आफ्रिकेतले लोक खोली गरम करायची यंत्रं गोळा करताहेत, असा खोटा मदतीचा व्हिडिओ काढला. जग हसलं. आपणही एकदा विचार करा. पुण्या-मुंबईच्या माणसाला फूटपाथवर, लोकलच्या गर्दीत लटकताना धरावं, मागे रडकं संगीत लावावं आणि म्हणावं, या बिचाऱ्यांपर्यंत कोणी पोचलेलं नाही, मोहफुलं पाठवा. त्यांना कसं वाटेल?

आणि आमच्या जिल्ह्यात फोटोचा आणखी एक अर्थ आहे, जो शहरात कळत नाही. इथे चेहरा ओळखू येणं धोक्याचं असतं. सभेत पुढे बसलेल्याचा फोटो कुठल्या ठाण्यात जाईल आणि कुठल्या जंगलात जाईल, सांगता येत नाही. दोन्हीकडून विचारणा होते. पाहुणा गाडीत बसून निघून जातो, चेहरा गावातच राहतो.

आपली चूक

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. नागपूरच्या मोर्चात वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो घ्यावा म्हणून आम्हीच साथींना मोरपीस बांधून, ढोल देऊन पुढे चालायला लावलं. फोटो छापून आला, मागण्या छापून आल्या नाहीत. आपली पोरंही आता गोटुलाचे, पेनपूजेचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतात. लाईक मोजतात. पोरांनो, पेनाला लाईक लागत नाहीत. गायत्याला, भूमियाला विचारलं का?

ग्रामसभेनं काय करावं

पेसा कायद्याच्या कलम ४ नं ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख राखायला सक्षम मानलं आहे. चंद्रपूरची अनेक गावं पेसात येत नाहीत. त्यांच्यासाठी वनहक्क कायद्याचं कलम ५ आहे, तेही सांस्कृतिक वारसा राखायचा अधिकार देतं. म्हणून येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या:

१. गावात फोटो किंवा व्हिडिओ काढायचा असेल तर आधी ग्रामसभेपुढे या. कशासाठी, कुठे दाखवणार, किती पैसा गोळा करणार, हे आमच्या बोलीत सांगा आणि लिहून द्या.

२. आजारी, उपाशी, रडणाऱ्या लेकराचा चेहरा दाखवायचा नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदीच आहे.

३. जसं आहे तसं काढा. खुर्ची लपवायची नाही, चपला काढायला लावायच्या नाहीत, नाच-पूजा फर्माईशीवर होणार नाही.

४. तयार झालेली चित्रफीत बाहेर जाण्याआधी गावात दाखवा. गाव नको म्हणेल तो भाग काढा.

५. गावाच्या नावावर गोळा झालेल्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचा.

६. गावाचे किती दावे प्रलंबित आहेत, किती नामंजूर झाले, हे चित्रफितीत आलंच पाहिजे. दान कमी झालं तरी चालेल.

आणि सातवं काम आपलं आपण करायचं. वनहक्क नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. घर, विहीर, बांध, स्मशान, देवाचं ठाणं अशा खुणा त्यात येतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही येतं. एकाहून जास्त पुरावे बघावेत असं नियमच सांगतो. मोबाईल तर पोरांच्या खिशात आहेच. त्यानं जुनी बोडी, आंब्या-मोहाची जुनी झाडं, बापजाद्यांच्या बांधीची धुरे, सीमेवरचे दगड यांचे फोटो काढा. मागे तारीख, जागा आणि कोणी दाखवलं ते लिहा. आजा काय सांगतो ते व्हिडिओत धरा आणि मग कागदावर उतरवून त्याचा अंगठा घ्या. दावा नामंजूर झाला असेल तर लेखी कारण मागा आणि साठ दिवसांत अपील करा. त्या अपिलाला हे फोटो जोडा. हे चित्र बघून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण उपविभागीय समितीला ते बाजूला सारता येणार नाही.

त्या मायला आम्ही विचारलं, पुन्हा गाडी आली तर काय करशील? ती म्हणाली, "आता मी त्याईले आमची बांधी दाखवीन. पोराचा फोटो नाई देत. बांधीचा काढा म्हनीन, आन् तिचा सातबारा आमाले काऊन नाई, ते इचारा."

सगळ्या ग्रामसभांनी एवढंच म्हणावं. ठराव झाला की त्याची नक्कल आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात गावांची नावं छापू.

दया नको, दावा मंजूर करा!
जल, जंगल, जमीन आमची, आमचा चेहराही आमचा!